'डिटरन्स'ला मराठीत काय म्हणाल?

दादरचा_अनुवादी: दिवाळी अंकासाठी नाटोवरचा, म्हणजे अमेरिका-युरोपच्या लष्करी गटावरचा, लेख मराठीत आणतोय. रशियाने लष्करी दांडगाई केली तर नाटोने काय करायचं, हा विषय. 'डिटरन्स'पाशी गाडी अडली, म्हणजे समोरच्याने हल्ला करायला धजूच नये अशी तजवीज. शब्द २२ वेळा येतो. मी 'प्रतिरोधन' केलं, तर संपादकबाईंनी समासात लिहिलं, 'हे औषधाच्या बाटलीवरचं वाटतं. धाक लिहा.' पण 'अण्वस्त्रांचं धाक-धोरण'?

गिरगावची_पोर: जरब! आमच्या चाळीत नाना जिन्यात नुसते खाकरले की गॅलरीतले पत्ते चटईखाली. नानांनी कुणाला चापट मारल्याचं आठवत नाही.

पार्लेकर: ती जरब, मान्य. पण जरब माणसाच्या आवाजात असते, वचक व्यवस्थेचा असतो. दादरच्या पुलावर टीसी रोज कुठे असतो? तरी आपण पास काढतोच. नाटोच्या पाचव्या कलमाचं तेच. एकावर हल्ला तो सगळ्यांवर, पण मदत काय करायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. १९४९ पासून ते लागू झालं एकदाच, २००१ मध्ये, तेही अमेरिकेसाठी. 'वचक' लिहा.

शुद्धमराठी: 'जरब' परकी, अरबी. संस्कृत धातूंची खाण असताना उसनवारी का? याबाबत जरूर विचार व्हावा, फक्त सोय पाहू नये.

गिरगावची_पोर: 'बाबत', 'जरूर', 'फक्त'. काका, एका ओळीत तीन!

दादरचा_अनुवादी: लेखात प्रकार दोन आहेत हो. एक, घुसूच न देणं. दुसरा, घुसलात तर महागात पडेल. २०१७ मध्ये एस्टोनिया, लात्विया, लिथुआनिया आणि पोलंडमध्ये बहुराष्ट्रीय तुकड्या ठेवल्या, त्या रशियाला थोपवण्याएवढ्या नव्हत्याच. त्यांच्यावर गोळी सुटली की बाकीचे देश ओढले जाणार, एवढाच हिशेब. पहिल्याला 'अटकाव', दुसऱ्याला 'वचक', असं चालेल?

मुलुंडचा_खडूस: ते राहू द्या. 'अ‍ॅग्रेशन'चं काय केलंत?

दादरचा_अनुवादी: आक्रमण. सगळीकडे.

मुलुंडचा_खडूस: घोळ तिथेच आहे. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर झालं ते आक्रमण. सप्टेंबर २०२५ मध्ये रशियन ड्रोन पोलंडच्या हद्दीत शिरले, ती आगळीक. पोलंडने तेव्हा चौथं कलम पुढे केलं, म्हणजे एकत्र बसून बोलू. पाचवं नाही.

पार्लेकर: आगळीक कसली, कुरापत!

मुलुंडचा_खडूस: कुरापत काढावी लागते. आगळीक घडूनही जाते. ड्रोन भरकटले की धाडले, भांडण त्याचंच होतं ना? पोलंड म्हणे धाडले. तुम्ही 'कुरापत' लिहिलंत की निकाल दिलात.

शुद्धमराठी: 'कुरापत' हे 'खुराफात'वरून. पुन्हा अरबी!

गिरगावची_पोर: आई भावाला 'कुरापतखोर' म्हणायची. 'आक्रमक' म्हणाली असती तर त्याने बॅट मागितली असती.

पार्लेकर: आणि 'अलायन्स'?

दादरचा_अनुवादी: आघाडी.

पार्लेकर: मुंबईत 'आघाडी' वाचलं की जागावाटप आठवतं. नाटोच्या ३२ देशांचं!

मुलुंडचा_खडूस: 'युती' लिहा म्हणजे दुसरी बाजू चिडेल.

दादरचा_अनुवादी: मंडळी, उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. तूर्त 'डिटरन्स'च ठेवतो.

शुद्धमराठी: २२ वेळा?