शॉकअपच्या आधी बुश बघा

नवीन शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) टाकूनही स्पीडब्रेकरवर खडखड येतेच म्हणताय, तर जिप्सीला चारही चाकांना पाटेच (लीफ स्प्रिंग) आहेत ना, मग आधी शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती कडी) आणि पाट्याच्या डोळ्यातले (टोकाच्या गोल भोकातले) रबरी बुश, म्हणजे पिनभोवतीच्या रबरी नळ्या, बघा. गाडी जमिनीवर उभी असतानाच शॅकलजवळ टॉमी (लोखंडी पहार) घालून हलकेच रेटा, शॅकल बाजूला सरकला किंवा रबर चिरून कडेने बाहेर आलेलं दिसलं की बुश संपला समजा.

खोलताना चासीखाली स्टँड हवेतच, नुसत्या जॅकवर कृपा करून गाडीखाली शिरू नका, आणि अ‍ॅक्सलखाली दुसरा जॅक लावून पाट्यावरचा ताण काढा नाहीतर पिन निघताना पाटा उसळतो. पिनवरून नख फिरवून बघा, खाच लागली तर पिनही नवीनच घ्या, झिजलेल्या पिनवर नवा बुश फार टिकत नाही. बसवताना साबणाचं पाणी लावा, इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.

आणि बरेच मेकॅनिक इथेच घाई करतात: नट फायनल टाइट करायचे ते गाडी चाकांवर उतरवून, दोनचार वेळा दाबून बसल्यावरच. हवेत टाइट केले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पॉलीयुरेथेनचे बुश टिकतात खरे पण कडक असतात, सिलिकॉन ग्रीस नसेल तर कुईकुई करतात, रोजच्या गाडीला मी तरी रबरच घालेन.