देर अल-मदिनातली भाकरी कशी व्हायची?

प्रश्न : देर अल-मदिना हे प्राचीन इजिप्तमधलं कारागिरांचं गाव. तिथल्या, राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांना पगार धान्यात मिळे. त्या गव्हाची भाकरी कशी करत? आणि त्या काळच्या लोकांचे दात इतके झिजलेले का?

प्रतिसाद १ : तो एमर गहू, म्हणजे आपली खपलीच! साध्या कारागिराला महिन्याला ४ खार गहू आणि बिअरसाठी दीड खार जव. १ खार सुमारे ७७ लिटर. खपलीचं टरफल मळणीत सुटत नाही. पाण्याचा हलका हबका मारून दगडी उखळात कांडायचं. कोरडं कांडलं तर दाणाही फुटतो. मग वाळवून, पाखडून, चाळून पाट्यासारख्या दगडावर दळायचं.

प्रतिसाद २ : भट्टी मातीची, नळकांड्यासारखी. चपटी भाकरी तापलेल्या आतल्या भिंतीला थापत, तंदूरसारखी. त्याहून जुन्या, पिरॅमिडच्या काळात मात्र जाड मातीचे साचे आधी तापवून त्यात पीठ घालत.

प्रतिसाद ३ : दात झिजले ते पिठातल्या कचकचीने. दळणाच्या दगडाचे कण, वाऱ्यावरची वाळू. वरचा थर जाऊन आतला गर उघडा पडे, मग गळू. आणि हेच पगाराचं धान्य थकलं म्हणून राजा तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी कारागिरांनी काम थांबवलं, हे विसरू नका.