पोल्योत ३१३३ ला व्हाल्जू ७७३४ चे पार्ट बसतील का?

मंडळी, जुन्या चावीच्या घड्याळांतलं कळणारं कोणी आहे का इथे? मामाने दिलेलं रशियन पोल्योत क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचवालं घड्याळ) आहे, मशीन ३१३३. वेळ झकास दाखवतं पण वरचं बटण दाबलं की सेकंदकाटा पळतो आणि ३ च्या बाजूच्या छोट्या डायलमधला मिनिटकाटा ढिम्म हलत नाही, रीसेट मारलं तर मोठा काटा १२ च्या दोनतीन खुणा पुढे जाऊन बसतो. आमचे घड्याळवाले म्हणाले आत एक लिव्हर वाकलीये, हॅमरही (रीसेटला काटा शून्यावर आणणारा तुकडा) झिजलाय, पार्ट आणा मग बघू. रशियातून मागवायचं तर पेमेंटपासूनच कटकट.

म्हणून शोधत बसलो तर कळलं की हे मशीन मुळात रशियन नाहीच! सोव्हिएतांनी सत्तरच्या दशकात स्विसांकडून व्हाल्जू कंपनीच्या ७७३४ मशीनची यंत्रसामग्री विकत घेतली आणि मॉस्कोच्या पहिल्या घड्याळ कारखान्यात ३१३३ काढलं. बरं ७७३४ तरी व्हाल्जूचं कुठे, १९६६ मध्ये व्हाल्जूने व्हीनस ही दुसरी स्विस मशीन कंपनी ताब्यात घेतली, व्हीनस १८८ वरून ७७३०, मग ७७३३, आणि तारखेवालं ते ७७३४. त्याआधीचं रशियन स्त्रेला (३०१७, तेच जे अंतराळवीर लिओनोवने १९६५ च्या स्पेसवॉकला घातलेलं) ते व्हीनस १५० वरून, आणि चिनी सीगलचा क्रोनो व्हीनस १७५ वरून. म्हणजे रशिया काय चीन काय, सगळ्यांचं आजोळ एकच. पण ती दोन्ही कॉलम व्हीलवाली, माझं कॅमवालं (स्टार्ट-स्टॉप चालवायच्या दोन वेगळ्या पद्धती), त्यामुळे त्यांचा मला काडीचा उपयोग नाही.

आता खरा प्रश्न. ७७३४ तासाला १८,००० ठोके देतं आणि १७ ज्वेलचं (ज्वेल म्हणजे घर्षण कमी करणारे खडे), ३१३३ चे ठोके २१,६०० आणि ज्वेल २३, तेव्हा बॅलन्सच्या (ठोके देणाऱ्या चाकाच्या) बाजूला अदलाबदल नकोच. पण वरचे क्रोनोचे पार्ट, म्हणजे हॅमर, कॅम, मिनिटांच्या लिव्हर, हे तसेच ठेवलेत की मापं बदललीयेत? कोणी स्वतः बसवून पाहिलंय का? बंद पडलेलं ७७३४ वालं स्विस घड्याळ एक मिळतंय, डायल पार गेलेली पण मशीन पूर्ण आहे, त्याचे पार्ट काढून चालणार असतील तर आजच उचलतो. आणि बिनतारखेचं ७७३३ घेतलं तरी चालेल का, ते जरा स्वस्तात पडतंय.

अपडेट: खाली विचारलंय काटा नुसता सैल असेल म्हणून. नाही हो, काटा काढून परत घट्ट बसवून झालाय, तरी तेच.