लहान होडीची भारक्षमता काढण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

काठावरचा: प्लायवूडची होडी बांधायला घेत आहे. पाणरेषेवरील लांबी ४ मीटर, रुंदी १.२ मीटर. दोन माणसे आणि सामान चढल्यावर ती किती बुडेल, हे आराखड्यावरूनच कळावे अशी इच्छा आहे. सॉफ्टवेअर विनामूल्यच हवे.

डोलकाठी: राइनो हे त्रिमितीय आराखड्याचे सॉफ्टवेअर घ्या आणि त्यावर ऑर्का३डी हे होड्यांसाठीचे जोड-सॉफ्टवेअर बसवा. मी दोन्ही विकत घेतली असून, हलची (होडीच्या बाहेरील अंगाची) वक्रता त्यांत इतकी सफाईदार येते की विनामूल्य साधनांकडे पाहवत नाही.

सुकाणू: विनामूल्य हवे असे स्पष्ट लिहिले आहे. डेल्फ्टशिप या होडी-आराखड्याच्या सॉफ्टवेअरची विनामूल्य आवृत्ती पुरेशी आहे. ड्राफ्ट (होडी पाण्यात किती खोल बुडते ते) वाढवत जा, प्रत्येक ड्राफ्टचे विस्थापन, म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन, मिळते. मात्र तो आकडा म्हणजे भारक्षमता नव्हे. त्यातून होडीचे स्वतःचे वजन, वल्ही, इंजिन हे सारे वजा करावे लागते.

जुना खलाशी: सॉफ्टवेअर हवेच कशाला? वाळूच्या गोण्या भरा आणि बघा. मला विक्रेत्याने चौघांची म्हणून दिलेली होडी दोघे एका बाजूला सरकले तरी काठ पाण्याला टेकवते.

सुकाणू: होडी अजून बांधलेलीच नाही, गोण्या भरायच्या कशात? शिवाय आपली तक्रार भाराची नसून स्थैर्याची आहे. सॉफ्टवेअर मेटासेंटर (गुरुत्वमध्य ज्याच्या खाली राहिला तर कललेली होडी सरळ होते तो बिंदू) दाखवते, पण गुरुत्वमध्य आपणच द्यायचा असतो आणि बसलेला माणूस उभा राहिला की तो वर सरकतो.

खारेपाणी: पाण्याची घनता समुद्राची १,०२५ धरणार की गोड्या पाण्याची १,००० किलो प्रति घनमीटर?

डोलकाठी: ३०० किलोमागे साडेसात किलोंचा फरक. एवढ्यासाठी कोण थांबतो?

खारेपाणी: मी थांबतो.

नवा नावाडी: डेल्फ्टशिप पाहा, विनामूल्य आहे.

काठावरचा: सर्वांचे आभार, पण मी एक्सेलमध्येच काम भागवले. पाणरेषेचे आठ समान भाग पाडून नऊ ठिकाणी बुडालेल्या छेदाचे क्षेत्रफळ काढले आणि सिम्पसनच्या नियमाने (छेदांवरून घनफळ काढण्याची रीत) १, ४, २, ४ अशा गुणकांनी बेरीज केली. १५ सेंटिमीटर ड्राफ्टला ०.२९ घनमीटर, म्हणजे गोड्या पाण्यात २९० किलो. होडीचे ७० वजा जाता २२० उरतात. माझा भार १९० आहे. पाणरेषेचे क्षेत्रफळ ३.४ चौरस मीटर असल्याने त्यापुढे दर सेंटिमीटरला सुमारे ३४ किलो.

सुकाणू: हिशेब बरोबर आहे. उभे राहिल्यावरचे स्थैर्य मात्र त्यात नाही, तेही काढा.

काठावरचा: बसूनच वल्हवायचे आहे.