बाबांच्या जुन्या रेबॅनच्या काचा बदलायच्यात, ऑनलाइन मागवू की इथेच कापून घेऊ?

बाळ्या_चिपळूण:
मंडळी, बाबांनी मस्कतला असताना घेतलेला एव्हिएटर आहे, मधल्या पट्टीवर बी अँड एल रेबॅन यूएसए कोरलंय आणि खाली ५८ आणि १४ असे आकडे. फ्रेम टकाटक, सोनेरी मुलामा काड्यांच्या टोकाला थोडा गेलाय तेवढाच. पण उजवी काच स्कूटरच्या डिकीत तडकली. इथे गावातल्या चष्मेवाल्याकडे गेलो तर तो म्हणे ह्या काचा आता येत नाहीत, फ्रेम ठेवा शोकेसमध्ये आणि नवीन घ्या. ऑनलाइन बघितलं तर आरबी ३०२५ (रेबॅनच्या आत्ताच्या एव्हिएटरचा मॉडेल नंबर) साठी रेबॅन सोडून बाहेरच्या कंपन्यांच्या लेन्स दिसतात, पोलराइज्ड, मिरर, सगळं. त्या ह्यात बसतील का? मला गाडीवर वापरायचाय, कपाटात ठेवायला नको. डोळ्यांना नंबर वगैरे काही नाही.

उनाड_बुलेट:
भावा, तुझी फ्रेम आरबी ३०२५ नाहीये. बी अँड एल म्हणजे बॉश अँड लॉम्ब, त्यांनीच १९३७ मध्ये एव्हिएटर काढला, मग १९९९ ला रेबॅन लक्झॉटिका ह्या इटालियन चष्मा कंपनीकडे गेलं आणि तिथून पुढचं सगळं त्यांचं. म्हणजे तुझा पीस त्याच्या आधीचा. आकडे सारखे दिसले तरी आकार थोडा वेगळा असू शकतो, ५८ हा फक्त आडवा माप आहे, खालचा थेंबाचा भाग किती लांब ते त्यात येत नाही. तेव्हा ऑनलाइन मागवायचं तर विकणारा जुन्या बी अँड एलसाठी वेगळं माप देतो का ते आधी विचार.

आणि गाडीवर घालणार असशील तर काचेच्या लेन्स नकोच. दगड उडाला, पडलास, तर डोळ्यासमोर काच आहे हे लक्षात ठेव. पॉलिकार्बोनेट घे, म्हणजे ते मजबूत प्लास्टिक.

सावली_पुणे:
मी चष्म्याच्या दुकानात काम करते म्हणून सांगते. दादा, फ्रेम आणि दोन्ही काचा, तडकलेली सुद्धा, घेऊन मोठ्या गावातल्या अशा दुकानात जा जिथे ट्रेसर आहे. ट्रेसर म्हणजे रिमच्या आतून सुई फिरते आणि आकार मशीनला कळतो, मग कोऱ्या लेन्सवरून तसाच तुकडा कापला जातो. ऑनलाइन आलेली लेन्स अर्धा मिलिमीटर मोठी असली की मेटल रिमचा स्क्रू आवळताना ताण येतो, आणि लहान असली तर खडखडते. इथे कापली तर जागेवर घासून बसवता येते. खरी काच हवी असेल तर मात्र अवघड, आमच्याकडची मशीनं आता प्लास्टिकची, काच कापायला वेगळं चाक लागतं आणि नंतर टेम्परिंग, म्हणजे तापवून काच मजबूत करणं, पण करावं लागतं, बहुतेकांनी ते बंद केलंय. तुमच्या गावातल्या माणसाचा दोष नाही.

सर्वात महत्त्वाचं, स्क्रू. काड्या जिथे जोडल्यात तिथे रिमचा बारीक स्क्रू असतो आणि कोकणातल्या दमट हवेत तो गंजून जाम झालेला असणार. जोर लावून फिरवू नका, डोकं तुटलं की ड्रिल करावं लागतं आणि डाग द्यायची (सोल्डरिंगची) वेळ आली तर मुलामा जळतो. शिवणमशीनचं तेल थेंबभर सोडा, रात्रभर राहू दे, मग बरोबर मापाचा पेचकस.

उनाड_बुलेट:
+१ तेलाला. आणि पोलराइज्ड घेण्याआधी विचार कर. चकाकी जाते हे खरं, समुद्राकडे, ओल्या रस्त्यावर मस्त वाटतं, पण काही गाड्यांचा डिजिटल मीटर त्यातून काळा दिसतो आणि हेल्मेटच्या काचेवर इंद्रधनुष्यासारखे पट्टे येतात. रस्त्यावर सांडलेल्या डिझेलचा चमकणारा डाग पण कमी उठून दिसतो, मला तर घाटात तेच हवं असतं दिसायला. साधा ग्रे किंवा हिरवा टिंट घे.

आरती_एडिसन:
मी अमेरिकेत असते, इथे बाहेरच्या कंपन्यांच्या लेन्स लोक सर्रास लावतात, मी पण माझ्या ओकली कंपनीच्या गॉगलला लावल्या, बसल्या छान. पण ते चालू मॉडेल होतं, फ्रेमच्या काडीवर नंबर असतो तो टाकला की मिळतं. जुन्या मालात ही सोय नाही. शिवाय भारतात मागवलं तर कुरियर आणि ड्युटी धरून लेन्सपेक्षा येण्याचाच खर्च जास्त, आणि परत पाठवायची झाली तर विसराच.

एक अजून, तडकलेली काच आणि दुसरी चांगली काच दोन्ही जपून ठेवा, कडेला बारीक अक्षरात बीएल कोरलेलं असेल बघा उजेडात तिरकं धरून. कधी विकायची वेळ आली तर मूळ काचांनी भाव वाढतो.

बाळ्या_चिपळूण:
@आरती हो आहे! काडीजवळच्या कडेला, नख फिरवलं की लागतं. विकणार नाही ओ, बाबा घराबाहेर काढतील.
@सावली ताई, दुकानवाल्याने यूव्ही ४०० (म्हणजे उन्हातले अतिनील किरण अडवणारी काच) म्हणून काहीपण लावलं तर कळणार कसं? यूव्ही टॉर्चखाली नोट धरायची ते खरं आहे का?

सावली_पुणे:
नोटेवरचे नंबर आणि धागे चमकतात, लेन्स मधे धरली की चमक जायला हवी, पण गडद काचेतून ती तशीही मंद दिसते, आणि स्वस्त टॉर्चमधून जांभळा उजेडच जास्त येतो, त्यामुळे त्यावर विसंबू नका. दुकानात यूव्ही मीटर असतो, समोर लावून दाखवायला सांगा, दोन मिनिटांचं काम. नाही म्हटलं तर उठा. गडद आहे पण यूव्ही अडवत नाही अशी काच उलट वाईट, अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि जास्त यूव्ही आत जातं. पॉलिकार्बोनेट मूळचंच यूव्ही अडवतं, त्यात फसायची शक्यता कमी. गडदपणा कॅटेगरी ३ सांगा, म्हणजे ८ ते १८ टक्के उजेड आत. ४ घेऊ नका, ती गाडी चालवायला नाहीच.

बाळ्या_चिपळूण:
ठरलं मग, पॉलिकार्बोनेट, हिरवट ग्रे, पोलराइज्ड नाही. शनिवारी पुण्यात येतोय, लक्ष्मी रोडच्या आसपास ट्रेसर असलेलं दुकान माहीत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा ना कुणीतरी. तेल आत्ताच टाकून ठेवतो.