खाडी ते खाडी: किनाऱ्यावरच्या सायकलीचे अनुभव लिहा

गेल्या दिवाळीनंतर पुण्याहून चार जण सायकलींवर आले आणि गुहागरला आमच्या पडवीत दोन रात्री राहिले. खरं तर एकच रात्र राहणार होते. रायगडातलं रेवस ते सिंधुदुर्गातलं रेडी, सागरी मार्गाने, रोज शंभर किलोमीटर, असं टिपण करून आणलं होतं. दाभोळच्या फेरीबोटीतून धोपाव्याला उतरले आणि समोरची घाटी चढता चढता दोघांच्या पोटऱ्यांत गोळे आले. "समुद्राकाठचा रस्ता, म्हणजे सपाट असेल असं वाटलं होतं," असं त्यातला एक जण जेवताना म्हणाला.

आपल्याकडचा किनारा तसा नाही. सह्याद्रीतून आलेली नदी समुद्राला मिळताना खाडी होते, आणि दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार असतं. रस्ता खाडीवर पाण्याच्या पातळीला येतो, घाटीने सड्यावर चढतो, तिथे उन्हात धावतो आणि पुन्हा पुढच्या खाडीकडे उतरतो. नकाशातल्या किलोमीटरांवरून यातलं काहीच कळत नाही. मी खाड्या मोजतो. दिवसात दोन झाल्या की मला पुरे.

मी स्वतः सेहेचाळिसाव्या वर्षी सायकल घेतली. रक्तदाब वाढला होता आणि चालण्याचा कंटाळा होता. पहिले तीन महिने वरचा पाट ते खालचा पाट एवढंच, गावातल्या गावात. मग पालशेतचा चढ. आज नऊ वर्षं झाली. गोळी चालू आहे, पण तिचा डोस कमी झाला, आणि पहाटे घराबाहेर पडायचं आता मला कुणी सांगावं लागत नाही.

तुम्ही कुठे चालवता, कधी, काय खाऊन निघता, कुठे चुकलात, ते लिहा. विक्रम नसले तरी चालतील. चार ओळी लिहिल्यात तरी चालेल.

*

अलिबागहून

दादा, आमचा पट्टा तुमच्यापेक्षा सोपा आहे हे आधीच कबूल करते. अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा हे सतराएक किलोमीटर जवळजवळ सपाट, आणि बराचसा रस्ता वाड्यांमधून. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी. मार्चमध्येसुद्धा सकाळी नऊपर्यंत सावली असते. शनिवार-रविवार मात्र मी सायकल काढत नाही, मुंबईच्या गाड्यांना रस्ता कमी पडतो. माझा वार मंगळवार.

मी सायकल शिकले एकोणपन्नासाव्या वर्षी. लहानपणी भावाला मिळाली, मला नाही. मुलाची जुनी सायकल घरात पडून होती. रस्त्यावर शिकायची लाज वाटायची, म्हणून किनाऱ्यावर शिकले. ओहोटीनंतरची ओली वाळू घट्ट असते, चाक रुतत नाही आणि पडलं तरी लागत नाही. पण वेळ साधावी लागते. त्याचं गणित सासूबाईंनी दिलं. तिथीला तीनने गुणायचं, चाराने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. तिथून सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, म्हणजे त्या सकाळी किनारा विसरायचा. द्वितीयेला भरती दीडची, म्हणजे सकाळी साडेसातला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण गणित चुकत नाही. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, त्यामुळे पाणी लांबवर जातं आणि कुलाबा किल्ल्याकडे भलंमोठं मैदान मोकळं होतं. माझं सगळं शिकणं प्रतिपदा ते तृतीया या दिवसांत झालं. पंचांग बघून सायकल शिकलेली मी घरातली पहिलीच.

एक मात्र ध्यानात ठेवा. किनाऱ्यावरून आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुवायची, चेन कोरडी पुसायची, मग तेल. मी पहिल्या वर्षी हे केलं नाही. पावसाळ्याआधीच चेनच्या कड्या गंजून आखडल्या आणि चेन, मागची चकती दोन्ही बदलावी लागली.

*

दापोलीहून

मी शाळेत शिकवतो. हर्णै ते दापोली हा चढ माझा गुरू आहे. पंधराएक किलोमीटर, आणि खाली बंदर तर वर दापोलीची थंड हवा. पहिल्यांदा चार ठिकाणी थांबलो आणि एक तुकडा चालत गेलो. बावीस इंची काळी सायकल होती, गिअर नाहीत. तेव्हा वाटायचं, उतरून ढकलणं म्हणजे हार. आता गिअरची सायकल आहे, पुढे लहान चकती, मागे चौतीस दात्यांची, तरीही दमलो तर उतरतो आणि ढकलतो. आपल्या घाट्यांमध्ये ढकलणं हा सायकल चालवण्याचाच भाग आहे, नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी हेच सांगतो.

संध्याकाळी हर्णैला मासळीचा लिलाव बघायचा, एक चहा घ्यायचा आणि काळोख पडायच्या आत वर यायचं, हा माझा शुक्रवार.

*

रत्नागिरीहून

वय एकसष्ट, मधुमेह चौदा वर्षांचा. लांबलचक लिहितोय, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

निवृत्त झाल्यावर शहरातल्या दुकानातून सायकल घेतली. दुकानदाराने उंची न मोजता दिली. सायकल मला मोठी होती आणि सीट मात्र त्याने खाली बसवून दिली होती. दोन महिन्यांत गुडघे इतके दुखायला लागले की सोडून द्यायचा विचार होता. एका जुन्या मेकॅनिकने सांगितलं की सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा, पॅडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, म्हणजे चवड्याने मारताना गुडघ्यात थोडा बाक राहतो. सीट दीड इंच वर घेतली. दुसरं त्याने सांगितलं, जड गिअरवर जोर लावू नका, हलक्या गिअरवर पाय भराभर फिरवा. गुडघेदुखी तीन आठवड्यांत गेली. पुढे सायकलही बदलली.

आता मुख्य गोष्ट. भाट्याच्या पुलावरून पावस गावाकडे जायला मला फार आवडतं. पुलावर सकाळी काजळी नदीवरून वारा येतो, डाव्या हाताला खाडीत होड्या, उजव्या हाताला समुद्र. पुढे चढ आणि मग सडा. पावसाळ्यात सडा हिरवा होतो, बारीक फुलांनी भरतो. मेमध्ये मात्र तव्यासारखा तापतो. दोन वर्षांपूर्वी मेमध्ये मी गोळी घेऊन आणि नुसता चहा पिऊन निघालो. घाम खूप येत होता, पण हवा दमट असली की घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही, हे लक्षात घेतलं नव्हतं. सड्यावर हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. मला वाटलं ऊन लागलं. उतरलो आणि रस्त्याकडेच्या एका घराच्या गडग्यापाशी बसलो.

घरातून एक आजी आल्या. काही न विचारता आत गेल्या आणि गूळ-पाणी घेऊन आल्या. आपल्याकडे दारी आलेल्याला गूळ-पाणी द्यायची पद्धत आहे, त्याच पद्धतीने. गुळाचे दोन खडे खाल्ले, दहा मिनिटांत थरथर थांबली. ऊन नव्हतं लागलं, रक्तातली साखर उतरली होती. घरी कुणालाही न सांगता निघालो होतो. त्या आजींच्या जागी कुलूप असतं तर काय झालं असतं, हा विचार अजून येतो.

तेव्हापासून खिशात साखरेची पुडी. निघताना काहीतरी पोटात. बायकोला मार्ग सांगून निघणं. गोळीची वेळ डॉक्टरांशी बोलून बदलून घेतली. आता मे महिन्यात आठ वाजता घरी असतो. आणि पावसला जाताना त्या घरी थांबतो, आजी आता ओळखतात. "आज गूळ हवाय की सरबत?" असं विचारतात.

*

श्रीवर्धनहून

मी फार चालवत नाही, पण एक दिवस सांगतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्यावर आलं. दुपारभर वाऱ्याचा आवाज, आणि संध्याकाळी बाहेर आलो तर वाडी आडवी. सुपाऱ्या काडेपेट्यांतल्या काड्यांसारख्या पडल्या होत्या. वीज नाही, फोन नाही. मावशी दिवेआगरला, तिची काही खबर नाही. मोटरसायकल काढून उपयोग नव्हता, रस्त्यावर ठिकठिकाणी झाडं. दुसऱ्या दिवशी मी सायकल घेऊन निघालो. झाड आलं की सायकल खांद्यावर, पलीकडे गेलं की पुन्हा वर बसायचं. एरवी तासा-दीड तासाचा रस्ता, त्या दिवशी अर्धा दिवस लागला. मावशी ठीक होती, छपराचे पत्रे गेले होते. तिने मला बघितलं आणि रडायला लागली.

आधी मी सायकल फक्त बाजारात जाण्यापुरती वापरायचो. त्यानंतर त्याच समुद्राकाठच्या रस्त्याने दर रविवारी जायला लागलो, ते अजून चालू आहे. ३ जून हा जागतिक सायकल दिवस असतो हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी मावशीकडे जातोच. पूर्वी गावातून जाताना डोक्यावर सावली असायची, ती गेली. नवीन लावलेले माड आता माझ्याहून उंच झालेत, एवढं दर वर्षी बघून येतो.

*

चिपळूणहून

धागा काढणाऱ्या काकांशी थोडा असहमत आहे. किलोमीटर मोजण्यातही आनंद असतो. मी ब्रेव्हे करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. शर्यत नसते, वेळेत पोचायचं असतं. रात्री एकटं, समोर फक्त आपल्या दिव्याचा उजेड, आणि पहाटे एखाद्या टपरीवर पहिली कांदाभजी. ज्याने अनुभवलं त्यालाच ते कळेल.

पण किनाऱ्यावरचे २०० आणि महामार्गावरचे २०० वेगळे, हे शंभर टक्के मान्य. फेरीबोटीची वाटसुद्धा आपल्याच वेळेत धरून चालावं लागतं. तवसाळहून जयगडला जाताना माझ्या डोळ्यांसमोर बोट सुटली. ती परत येईपर्यंत जेटीवर बसून शास्त्री नदीचं पाणी बघत राहिलो. चिडलो होतो, पण त्या दिवसातलं सगळ्यात स्पष्ट आठवतं ते तेच.

पुण्याच्या मंडळींनी एक गोष्ट बरोबर केली होती, उत्तरेकडून दक्षिणेकडे निघाले. दिवाळीनंतर दुपारी खारा वारा सुटतो तो वायव्येकडून, म्हणजे रेडीकडे जाणाऱ्याच्या पाठीवर. उलट दिशेने याल तर दुपारी दोन ते पाच सड्यावर तोंडावर वारा. पहाटे मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा वारा असतो तेव्हाच अंतर काटून घ्या.

पावसाळ्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. जांभ्याच्या भिंतींमधल्या अरुंद रस्त्यांवर कडेला शेवाळ धरतं, वळणावर चाक तिकडे गेलं की पडलातच. रस्त्याच्या मधून चालवा. उताराआधी दोन्ही ब्रेक हलके दाबून पाणी झटकून घ्या.

*

मालवणहून

सकाळी साडेपाचला उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणच्याची फोड. यापेक्षा चांगलं खाणं सायकलवाल्यासाठी नाही. केळी-बिस्किटं खाऊन बघितली, तारकर्लीपर्यंतच भूक लागते. पेजेवर देवबागपर्यंत जाऊन परत येतो.

देवबागचा रस्ता म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये जेमतेम वाडीएवढी जमीन. चढ नाही. मी हेल्मेट घालून चालवायला लागलो तेव्हा रोज कुणीतरी विचारायचं, "काय रे, गाडी बंद पडली काय?" मी सांगायचो, "नाय ओ, मुद्दाम चालवतंय." आता तेच काका वळणावर हात दाखवतात, आणि त्यांचा नातू माझ्याबरोबर येतो.

वाटेत रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर सायकल माडाला टेकवायची आणि दोरीला हात लावायचा. सायकलीने पाय होतात, रापणीने खांदे आणि पाठ. मासळी बरी लागली तर हातात दोन-चार बांगडे ठेवतात. हँडलला पिशवी अडकवून ते घरी नेणं, हा माझ्या व्यायामातला आवडता भाग.

*

वेंगुर्ल्याहून

आम्ही पाच जणी. एक परिचारिका, एक अंगणवाडीत, दोघी काजूच्या कारखान्यात, मी घरी. दर गुरुवारी वेंगुर्ला ते शिरोडा. मोचेमाडचा चढ आला की गप्पा बंद होतात आणि माथ्यावर पुन्हा सुरू. आरवलीला वेतोबाच्या पाया पडतो, त्याला वाहिलेल्या त्या भल्यामोठ्या चपला बघून दर वेळी आमच्यातली अंगणवाडीवाली म्हणते, देवालाही फिरायची आवड आहे. शिरोड्याला मिठागरांपाशी थांबतो. १९३० मध्ये इथे मिठाचा सत्याग्रह झाला. तेव्हा गावोगावहून माणसं चालत आली होती असं आजोबा सांगायचे.

सुरुवातीला सलवारीचा पाय चेनमध्ये अडकायचा. आता सगळ्याजणी घोट्याला रबर लावतो. लोक काय म्हणतील ही भीती पाच जणी असलो की उरत नाही. ज्या ताई एकट्या आहेत त्यांनी आधी एक मैत्रीण शोधावी, सायकल नंतर.

*

पुन्हा गुहागरहून

रात्री बसून सगळं वाचलं. चिपळूणच्या दादांनी वाऱ्याचं लिहिलं ते आमच्या पाहुण्यांना कळवलं. त्यांना पुढच्या हिवाळ्यात उरलेला रस्ता करायचा आहे, या वेळी दिवसाला दोन खाड्या.

दोन जणांनी विचारलंय म्हणून, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड दोन्ही बोटींत सायकल घेतात, तिकीट किरकोळ असतं. पहिल्या फेरीची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, आदल्या दिवशी विचारून घ्या. सायकल गाड्यांच्या मध्ये लावू नका, कठड्याला दोरीने बांधा, बोट जेटीला लागताना हिसका बसतो. आणि धोपाव्याला उतरलात की लगेच चढायला लागू नका. पाणी प्या, बोटीतल्या गाड्या आधी पुढे जाऊ द्या, मग निघा.

रत्नागिरीच्या काकांचं वाचून मीही आज साखरेची पुडी पिशवीत टाकली. माझ्यासाठी नाही, वाटेत कुणाला लागली तर.