मदत हवी आहे : आजेमावशीची लष्करातली नोंद कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. नौपाड्यातलं जुनं घर रिकामं करताना ट्रंकेत आजेमावशीचा फोटो सापडला. खाकी साडी, खांद्यावर पट्टी, मागे पेन्सिलीनं ‘मुंबई, 1944’. घरात एवढंच ठाऊक, की ‘ती युद्धात टेलिफोनवर होती’. (लग्नानंतर हा विषयच काढायचा नाही, असा दंडक!)

1942 मध्ये विमेन्स ऑक्झिलरी कोअर, इंडिया ही तुकडी उभी राहिली. त्यातल्या बायका टेलिफोन एक्स्चेंज, कारकुनी, सांकेतिक संदेश अशी कामं करत. मावशी त्यातलीच असावी.

तिची सेवानोंद मिळवायला अर्ज कुठे करायचा? हाती फक्त माहेरचं नाव आहे, नंबर नाही. ठाण्यात कुणी आजोबांची अशी कागदपत्रं काढलीत का? आणि फोटोला बुरशी लागलीय, नीट करणारा कोणी माहीत असेल तर तेही सांगा.